बाकाचा चाकू आणि डावा हात

चाकू घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी धार बघतं, आणि तिथंच चुकतं. अंगठा आडवा फिरवायचा, मनगटावरचे दोन केस उडवायचे आणि बरोबरच्या माणसाकडे बघून मान हलवायची, हा सगळ्यांचा ठरलेला कार्यक्रम. मी मध्ये बोलत नसे. धार काय, कधीही लावता येते. पण पात्याचा बाक चुकीचा निवडला, तर तो कुठल्याही दगडावर दुरुस्त होत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न असायचा, "काय कापायचंय?" निम्म्या लोकांना तो आगाऊपणा वाटायचा. बाईमाणसानं चाकू विकायचा, आणि वर चौकशाही करायच्या.

उंब्रजला हायवेच्या कडेला आमचं दुकान. विळे, खुरपी, कोयते, अडकित्ते, कात्र्या आणि चाकू. माझ्या वडिलांची, अण्णांची, निम्मी हयात सायकलीला धारेचा दगड जोडून बाजार फिरण्यात गेली. गावात शिरायचं, सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पायडल मारायचं, की पुढचा दगड गरगर फिरायला लागे. त्या दगडाच्या ठिणग्यांवर मी कराडच्या कॉलेजात बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून बघितलं नव्हतं. बँकेच्या परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, बोलावणं काही आलं नाही. मग अण्णांनी सायकल एका गाळ्यात आणून कायमची स्टँडवर लावली आणि मी गल्ल्यावर बसले. लग्नही गावातच झालं, त्यामुळे दुकान सुटलं नाही. लोक म्हणायचे, "बी.कॉम. पोरगी इळं इकती." मी म्हणायचे, "मग इळं काय अंगठेबहाद्दरांनीच इकायचं?"

आता बाकाबद्दल थोडं सांगते, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचं कळायचं नाही. घडीचा चाकू म्हणजे खिशात मावणारा, पातं मुठीत मिटणारा. त्याच्या पात्याच्या तीन तऱ्हा. एक सरळ, दाबून कापायचं ते त्यानं कापावं, कांदा, दोरी, कागद. दुसरा पोटाचा, त्याची धार बाहेरच्या अंगानं फुगलेली असते. कातडं सोलायला तो बरा, कारण त्याचं टोक कशात रुतत नाही. तिसरा आतल्या बाकाचा. चंद्रकोरीच्या आतल्या कडेला धार लावली तर कशी दिसेल, तसा. हा ओढून कापतो. द्राक्षाची काडी, केळीचा घड, जनावराचं वाढलेलं खूर. बाक त्या वस्तूला धरून ठेवतो आणि ती निसटत नाही. दिसायला हा सगळ्यात देखणा, त्यामुळे ज्यांना त्याचं काही काम नाही तेच तो सगळ्यात जास्त मागायचे.

एकदा ऐन मुहूर्ताच्या धावपळीत एक गृहस्थ फेटा सावरत दुकानात शिरले. नवरदेवाचे मामा. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. कट्यार घरी विसरली होती आणि वरात हायवेवर खोळंबली होती. मामांनी नेमका बाकाचा चाकू उचलला.

"मामा, ह्यो नको, सरळ घ्या. ह्याचं टोक खाली वळलंय, लिंबू ऱ्हायचं न्हाई."

"नवरदेवाला शोभंल आसा पायजे. सरळ काय, कांदा चिराय चाललाय का त्यो?"

गेले घेऊन. थोड्या वेळानं वरात दुकानासमोरून गेली. नवरदेवाच्या हातातलं लिंबू खाली लोंबत होतं आणि एक करवली त्याच्याखाली ओंजळ धरून चालत होती. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही.

एक निवृत्त सुभेदार यायचे. ते धार कधीच बघत नसत. चाकू कानाजवळ धरायचा, उघडायचा, मिटायचा. "बोलायला पाहिजे," म्हणायचे. "मिटताना बोलला नाही तो चाकू पलटणीत चालत नाही." मला आधी वाटलं, स्वारी थोडी सरकलेली आहे. मग मीही कान लावायला लागले, आणि खरंच, मुठीतली कमान, म्हणजे स्प्रिंग, ज्याची कडक असते तो टक् आवाज करतो, ढिली असते तो नुसता पडतो. आणि ढिला चाकू कापताना बोटांवर मिटतो. आणखी एक आजी आल्या होत्या, नातवाच्या पाळण्याखाली ठेवायला चाकू हवा म्हणून. त्यांनी प्रत्येक चाकूची धार बघून तो परत ठेवला. "आगं, धार नगं. नुसतं लोखंड पायजे," म्हणाल्या. धार नाही म्हणून विकला गेलेला आमच्या दुकानातला तो एकुलता चाकू.

हे सगळं नव्वद सालानंतरचं. धुळाबा आणि त्यांची सून मालन आली, तेही त्याच वर्षांतलं.

पाऊस सरला की आटपाडीकडची मेंढरं आमच्या भागात उतरतात. तिकडच्या माळावरचं गवत वाळलेलं असतं आणि इकडे नदीकाठी रान हिरवं असतं. आमचा शेतकरी लेंडीखतासाठी त्यांना आपल्या वावरात बसवून घेतो. असाच एक कळप हायवेपलीकडच्या रानात बसला होता. दुपारी एक म्हातारा आणि एक तरणी बाई दुकानात आली. म्हाताऱ्याच्या डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. दुसरा डोळाही फारसा धड नसावा, कारण त्यानं उंबरा पायानं चाचपला.

"मालक कुठं हाईत?"

"मीच हाय. काय पायजे, बाबा?"

"चाकू पायजे. पर चाकूतलं कळणाऱ्या मान्साकडनं."

"मग बसा. तेवढ्यासाठीच हितं बसलीया."

सून पदराआड हसली. म्हातारा हसला नाही. त्यानं कंबरेच्या पिशवीतून एक जुना चाकू काढून फळीवर ठेवला. आतल्या बाकाचा, बाभळीची मूठ वापरून गुळगुळीत झालेली. "ह्यो माझ्या पोराचा. ह्यात खोट हाय. ह्यापरास बरा दावा."

मी चाकू उघडला, मिटला. टक् वाजला. खिळा घट्ट होता, धार चांगली होती, बाक अगदी खुरासाठी हवा तसा. "बाबा, ह्यात काय खोट न्हाई."

"न्हाई कशी? रोज मेंढराचं रगात काडतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आटपाडीच्या माळावर मेंढरांची खुरं दगडधोंड्यावर आपोआप झिजतात. आमच्या मऊ काळ्या रानात ती झिजत नाहीत, वाढतात. वाढून आत वळतात, त्यात चिखल बसतो, खूर कुजतं आणि मेंढरू लंगडायला लागतं. म्हणून इकडे उतरलं की खुरं तासावी लागतात. ते काम धुळाबांचा मुलगा करायचा. तो या वर्षी गलाईच्या धंद्यात गेला होता, म्हणजे सोनंचांदी गाळायच्या दुकानात, लांब दक्षिणेकडे. त्यांच्या भागातली निम्मी तरणी पोरं तिकडेच असतात. धुळाबांना दिसत नव्हतं. राहिली सून.

"आन हिचा चाकू पार जिव्हाळीत घुसतोय," धुळाबा म्हणाले. नखाच्या आत जो जिवंत भाग असतो, ती जिव्हाळी. "मेंढरं हिला बघून पळाय लागल्याती. डावी हाय ही. डाव्या हातानं कंदी कुनाचं बरं झालंय का?"

मालन खाली बघत म्हणाली, "मामा, नव्या चाकूनं एकडाव बघू द्या की."

"कितींदा बघू? परवा लोनंदचा यापारी येतोय. लंगडं मेंढरू चालत न्हाई, आन चालत न्हाई ते खाटकाचं. त्यापरास समदा कळप धडधाकट हाय तवरच इकून मोकळा हुतो."

सासऱ्यानं कळप विकायचं ठरवलंच होतं. नवा चाकू घेणं म्हणजे फक्त सुनेची समजूत काढणं होतं. तीही ते जाणून होती. म्हातारा पाणी प्यायला बाहेरच्या माठाकडे गेला, तेव्हा ती फळीवर वाकून हळू आवाजात बोलली. "ताई, मेंढरं गेली तर मला दुसऱ्याच्या रानात भांगलाय जावं लागंल. मी न्हानपनापासनं मेंढरामागं हाय. मला दुसरं येत न्हाई. आन खरं सांगू का, करायचंबी न्हाई."

मी बाकाचे होते नव्हते तेवढे चाकू फळीवर मांडले. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि समोरच्यानं उचलायचा, नाहीतर भांडण होतं, अशी आपल्याकडे रीत आहे. मी बी.कॉम. असूनही ती पाळते. एक तर गिऱ्हाइकाशी भांडण परवडत नाही. दुसरं, माणूस चाकू कसा उचलतो यातून पुष्कळ कळतं. मालननं डाव्या हातानं, मुठीच्या नेमक्या मध्यावर उचलला. नवख्या माणसाला असं जमत नाही.

मी तिला पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा एक तुकडा दिला. "ह्यो तासून दाव."

तिनं चाकू टेकवला, ओढला. तो नुसता घसरला. तिनं मनगट थोडं उचललं, पुन्हा ओढला, आणि पातं खाडकन लाकडात घुसलं. दुसरा चाकू घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांचं तेच. मग मी उजव्या हातानं ओढून बघितलं. साल कशी अलगद सुटून आली. म्हातारा परत येऊन उभा होता. "बगा," तो म्हणाला. "तुमास्नी जमतंय."

जमत होतं खरं. पण तेच मला खटकायला लागलं. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता, हे तिनं चाकू उचलला तेव्हाच मी बघितलं होतं. मग लाकूड माझंच का ऐकतं? मी चाकू डाव्या हातात घेतला आणि अगदी सावकाश ओढला. घसरला. मनगट उचललं. घुसला.

मी उजेडात जाऊन पातं डोळ्यांसमोर आडवं धरलं. रोज हाताळलेली वस्तू, पण मी ती तशी कधी बघितली नव्हती. आमच्या बाकाच्या चाकूला एकाच अंगानं धार असायची. पात्याची एक बाजू सपाट आणि दुसऱ्या बाजूला धारेचा उतार. उजव्या हातानं आपल्याकडे ओढलं की सपाट बाजू खुरावर बसते, पातं टेकून चालतं, हवं तेवढंच काढतं. तोच चाकू डाव्या हातात गेला की उलटा होतो. उतार खुरावर येतो आणि धार अधांतरी राहते. ती टेकावी म्हणून मनगट उचलावं, तर ती उभीच आत शिरते. चाकू चांगला होता आणि हातही चांगला होता. दोघं एकमेकांचे नव्हते, इतकंच.

मी हे सांगितलं तेव्हा मालननं माझ्या हातातून पातं घेतलं, रीत वगैरे विसरून, आणि उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. धुळाबा म्हणाले, "मग उलटा चाकू द्या."

उलटा चाकू आमच्याकडे नव्हता. कुठल्याच दुकानात नव्हता. पाती लोहाराकडून बिनधारेची यायची आणि धार अण्णा लावायचे. अण्णा कोपऱ्यात दगडापाशी बसून सगळं ऐकत होते, पण ऐकत नसल्यासारखे.

"अण्णा, एका कोऱ्या पात्याला दुसऱ्या अंगानं धार लावायची."

"कुठल्या दुसऱ्या?"

"उलट्या."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "उलटी धार नसती. धार म्हंजी धार."

"डाव्या हाताला उलटा उतार लागतो."

"आजवर एवढी डावी मानसं आपल्याकडनं चाकू घेऊन गेली. आलं का कोन सांगाय?"

"त्यांना वाटलं आसंल, आपलाच हात वाईट."

दगडावरची धूळ अण्णांनी उगाचच फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "उलटा उतार काढायचा तर मला पातं डाव्या हातात धराय लागंल. जमायचं न्हाई."

"मग धरा की डाव्या हातात," मालन म्हणाली.

धुळाबा सुनेकडे बघत राहिले. परक्या पुरुषाला ती असं बोलेल, हे त्यांना अपेक्षित नसावं. अण्णांनाही नसावं, कारण ते गुपचूप सीटवर चढले.

पहिलं पातं त्यांनी जाळलं. एकाच जागी जास्त दाबलं, पोलाद तापून निळं पडलं, आणि असं पातं धार धरत नाही. दुसऱ्याला उतार कुठं रुंद, कुठं अरुंद, नागमोडी आला. ज्या माणसाच्या धारेसाठी कोरेगावापासून लोक यायचे, तो शाळेत पहिल्यांदा गेलेल्या पोरासारखा घामाघूम झाला होता. मी हसू दाबत होते. मालन हसत नव्हती. ती त्यांच्या कोपराकडे बघत होती.

"आवं अण्णा, कोपर अंगाला लावा. डाव्या हाताला नेट कोपरातनं येतोय."

"तू शिकीव आता मला."

"शिकवत न्हाई. सांगती."

अण्णांनी कोपर अंगाला लावलं. धुळाबा तेव्हा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आता कळलं न्हवं, माझ्या घरात काय चाललंय ते?"

तिसरं पातं जमलं. अण्णांनी ते पाण्यात बुडवलं, फडक्यानं पुसलं, मुठीत बसवून खिळा ठोकला आणि फळीवर ठेवलं. मालननं उचलून पांगाऱ्यावर ओढलं. साल सुटून आली, गोल वळली आणि खाली पडली. तिनं आणखी एकदा ओढलं, मग आणखी एकदा. लाकडाचा तुकडा संपत आला तेव्हा म्हातारा म्हणाला, "लाकडाला जिव्हाळी नसती. उद्या मेंढरावर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान अण्णांवर सोडून रानात गेले. मला तिथं जायची काही गरज नव्हती, पण राहवलं नाही. धुळाबांनी मुद्दाम सगळ्यात लंगडी मेंढी पुढं घातली. मालननं तिला पुढच्या पायांना धरून अलगद बुडावर बसवलं, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली. अशी बसवली की मेंढी गुमान राहते. का राहते, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. उजव्या हातात खूर धरलं, डाव्या हातातला चाकू आपल्याकडे ओढला. आत वळलेलं टोक सुटलं. मग कडेची पापुद्र्यासारखी साल सुटली. चिखल निघाला, खालचं पांढरं खूर दिसायला लागलं.

धुळाबांना ते दिसत नव्हतं. ते खाली बसले आणि एकेका खुरावरून अंगठा फिरवून तो नाकाशी नेऊ लागले. रक्ताचा वास येतो का ते बघत होते. चारही खुरं झाल्यावर म्हणाले, "दुसरं आन."

दुसरं झालं, तिसरं झालं. ऊन डोक्यावर येईपर्यंत हेच चाललं. मध्येच एका धडपड्या कोकराच्या खुरातून रक्त आलंच. धुळाबांनी अंगठा नाकाशी नेला आणि तसेच थांबले. मालनचा हात थांबला.

"एवढं माझ्याबी हातनं व्हायचं," धुळाबा म्हणाले. "हळद लाव आन सोड त्याला."

आता दुकानात कंपनीचे चाकू येतात. दोन्ही अंगांनी यंत्रावर घासलेले, कुठल्याही हाताला चालणारे. कुणाला हात विचारायची गरज राहिलेली नाही. अण्णा शेवटपर्यंत दोन्ही उतारांचे चाकू वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. डावा डबा क्वचित उघडायचा. पण त्याआधीच्या वर्षांत कितीजण आपल्याच हाताला दोष देत राहिले असतील, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. बाजारात कुणी डाव्या हातानं पैसे मोजताना दिसला की ते त्याला थांबवून विचारायचे, "तुमी आमचा चाकू नेला व्हता का?" बहुतेकांनी नेलेला नसायचा.

तेव्हा तो लोणंदचा व्यापारी मात्र ठरल्या दिवशी आला. गडी बोलका, पांढऱ्या कपड्यातला, लोणंदच्या बाजारात वजन असलेला. मी चाकूचं काय झालं ते बघायच्या निमित्तानं पुन्हा रानात हजर होते. धुळाबांनी काय ठरवलंय हे त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. ती कळपाच्या पलीकडच्या कडेला उभी होती, हातात मिटलेला चाकू.

धुळाबा व्यापाऱ्याला कळपात घेऊन गेले. एक मेंढी धरली आणि तिचं खूर वर केलं. "बगा."

व्यापाऱ्यानं बघितलं. "बरं हाय."

"ह्येबी बगा." दुसरी धरली. "आन ह्ये."

चार-सहा मेंढरांची खुरं बघून झाल्यावर व्यापारी पाठ सरळ करत म्हणाला, "बघितली, धुळाबा. खुरं झ्याक हाईत. आता बोला, कसं द्यायचं?"

"द्यायचं न्हाई."

"आँ? मग मला एवढ्या लांबनं बोलावलं कशाला?"

"दावाय बोलावलं. तुमी गावोगावच्या कळपाची खुरं बघताय. आशी कुठं बघितली आसली तर सांगा."

व्यापारी चिडायच्या बेतात होता. पण जातीचा मेंढरांतला माणूस, त्यानं पुन्हा वाकून एक खूर उचललं आणि नखानं कड चाचपली. "कोनी काडली?"

"सुनंनं," धुळाबा म्हणाले, आणि कळपाच्या चुकीच्याच कडेला हात केला, कारण ती कुठं उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं. "डावी हाय ती. उजव्या मान्साला न्हाई जमत आसं."